वीस हजारांची नोट, पाच लाखांची नोट: परदेशवारीतील रोकडीविषयी वाचकांचे प्रश्न

प्रश्न : मी आणि माझे यजमान, दोघेही निवृत्त शिक्षक, पुढच्या महिन्यात आठ दिवसांसाठी व्हिएतनामला जात आहोत. विमान, हॉटेल, सकाळची न्याहारी आणि हा लाँगच्या उपसागरातील नौकासफरीसह स्थळदर्शनाचे पैसे भरून झाले आहेत. वरखर्चाचे पैसे कसे न्यावेत, याबद्दल मात्र तीन जणांचे तीन सल्ले मिळाले. शेजारी म्हणतात, रुपये न्या, तिथे बदलून मिळतील. सहल कंपनीचे गृहस्थ डॉलर न्यायला सांगतात. मुलगा म्हणतो, कार्ड असताना रोकड कशाला? आम्ही कोणाचे ऐकावे? (एक वाचक, नाशिक)

उत्तर : तुमच्या बाबतीत सहल कंपनीच्या गृहस्थांचे म्हणणे सर्वांत योग्य आहे, मात्र मुलाचा सल्लाही पूर्ण टाकून देऊ नका. रुपये तिथे घेणारे काउंटर मोजकेच आहेत आणि जे घेतात ते भाव पाडून घेतात. त्यामुळे इथे डॉलर घ्यायचे आणि तिथे त्यांचे डाँग, म्हणजे व्हिएतनामचे चलन, करायचे, ही दोन टप्प्यांची वाट लांबची वाटली तरी स्वस्त पडते. दोघांच्या दुपारच्या जेवणासाठी, किरकोळ खरेदीसाठी आणि चहापाण्यासाठी आठ दिवसांना चारशे डॉलर पुरेसे व्हावेत. एका प्रवासात तीन हजार डॉलरपर्यंतच्या नोटा नेण्याची मुभा रिझर्व्ह बँकेने दिलेली आहे, म्हणजे तुम्ही मर्यादेच्या पुष्कळच आत आहात.

डॉलर घेताना रिझर्व्ह बँकेचा परवाना असलेल्या मनी चेंजरकडे किंवा बँकेत जावे, सोबत पासपोर्ट, पॅन कार्ड आणि तिकीट न्यावे आणि पावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नये. पन्नास हजार रुपयांच्या आतली रक्कम रोखीने देता येते. त्याहून अधिक असेल तर चेक किंवा बँक खात्यातूनच पैसे द्यावे लागतात. मोबाइलवर जो भाव दिसतो तो बँकांचा आपसातला असतो, तो आपल्याला मिळत नाही, म्हणून त्यावरून भांडण्यात अर्थ नाही. भांडायचे तर एकाच प्रश्नावर, आणि तो प्रश्न असा, की चारशे डॉलर माझ्या हातात पडेपर्यंत माझ्या खिशातून एकूण किती रुपये जातील? समजा, एका काउंटरवर डॉलरचा भाव ९२ रुपये असून वर २०० रुपये वटणावळ, म्हणजे चलन बदलून देण्याचे शुल्क, आहे आणि शेजारच्या काउंटरवर ‘वटणावळ नाही’ अशी ठळक पाटी आहे, पण भाव ९३ रुपये ५० पैसे आहे. पहिल्याकडे ३७,००० रुपये जातील आणि दुसऱ्याकडे ३७,४००. पाटी पाहून आत शिरणाऱ्याला वटणावळीच्या तिप्पट रक्कम भावातच मोजावी लागते आणि ती पावतीवर कुठेही वेगळी दिसत नाही. चलन बदलण्यावर जीएसटीही लागतो, पण तो रकमेच्या एक टक्क्यावर, किमान २५० रुपये धरून, अठरा टक्के असतो. त्यामुळे ३७ हजारांच्या व्यवहारात तो ६६-६७ रुपयेच होतो आणि त्याची धास्ती घेण्याचे कारण नाही.

नोटा शक्यतो शंभर डॉलरच्या घ्याव्यात, कारण व्हिएतनाममध्ये पुष्कळ ठिकाणी मोठ्या नोटांना लहान नोटांपेक्षा बरा भाव मिळतो. घेताना प्रत्येक नोट उजेडात धरून पाहावी. पेनाने केलेली खूण, शिक्का, फाटलेली कड किंवा खोल घडी असलेली नोट तिथली काउंटरवरची मंडळी परत करतात किंवा कमी भावाने घेतात. इथे नोट बदलून मागायला संकोच वाटू देऊ नका, तुम्ही पूर्ण किंमत मोजत आहात.

तिथे पोहोचल्यावर विमानतळावर शंभर डॉलरच मोडावेत आणि बाकीचे शहरातल्या बँकेत किंवा परवानाधारक काउंटरवर, पासपोर्ट दाखवून, लागतील तसे मोडावेत. हनोईच्या जुन्या भागात सोन्याचांदीच्या दुकानांतही डॉलर बदलले जातात आणि भाव आकर्षक असतो, पण परवाना नसलेल्या दुकानात चलन बदलणे तिथल्या कायद्याला धरून नाही, आणि दोन-तीनशे रुपयांच्या फायद्यासाठी परक्या देशात तो धोका पत्करावा असे मला वाटत नाही.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. चारशे डॉलरचे एक कोटीहून अधिक डाँग होतात आणि एवढी शून्ये पाहून भल्याभल्यांची नजर गोंधळते. दहा हजारांपासून पाच लाखांपर्यंतच्या सर्व नोटा प्लास्टिकच्या आहेत आणि प्रत्येकीवर व्हिएतनामचे नेते हो ची मिन्ह यांचेच चित्र आहे. त्यातही वीस हजारांची आणि पाच लाखांची नोट, दोन्ही निळसर. पहिली साधारण सत्तर रुपयांची, दुसरी सतराशे रुपयांच्या आसपासची. हनोईत एका संध्याकाळी पदपथावरच्या फळवाल्या बाईंना मी पेरूच्या फोडींचे वीस हजार म्हणून पाच लाखांची नोट दिली होती. त्यांनी ती माझ्यासमोर धरली, शून्यांवर एकेक बोट ठेवत मोजून दाखवली आणि परत केली. सगळीकडे अशी माणसे भेटतीलच असे नाही, म्हणून नोटेची मागची बाजू ओळखायला शिका. वीस हजारांच्या नोटेमागे होई आन शहरातला छप्पर असलेला जपानी पूल आहे, पाच लाखांच्या नोटेमागे हो ची मिन्ह यांच्या गावाकडचे घर, आणि दोन लाखांच्या नोटेमागे तुम्ही ज्या हा लाँगच्या उपसागरात नौकेतून फिरणार आहात, तिथले खडक. रोज रात्री खोलीवर एक लाख आणि त्यावरच्या नोटा एका पाकिटात, पन्नास हजार आणि त्याखालच्या दुसऱ्या पाकिटात लावून ठेवाव्यात आणि रस्त्यावर लहान नोटांचेच पाकीट उघडावे. हिशोबासाठी शेवटची तीन शून्ये सोडून उरलेल्या आकड्याला साडेतीनने गुणले की रुपये मिळतात. भाव थोडा इकडेतिकडे झाला तरी बाजारात तेवढे पुरते. खाद्यगृहांतून ‘५० के’ असे लिहिलेले असते, त्याचा अर्थ पन्नास हजार.

मुलाने सुचवलेले कार्ड अडीअडचणीसाठी जवळ असावे. एटीएममधून पैसे काढायची वेळ आलीच, तर डेबिट किंवा फॉरेक्स कार्ड (परदेशी चलन आधी भरून घेतलेले कार्ड) वापरावे. क्रेडिट कार्डावर रोख काढली तर त्याच दिवसापासून व्याज सुरू होते आणि वेगळा आकारही पडतो. बऱ्याच यंत्रांतून एका वेळी वीस ते तीस लाख डाँगच निघतात आणि दर वेळी शुल्क लागते, म्हणून पाचशे-पाचशे रुपयांचे काढत बसू नये. परतल्यावर विमानतळावरून घरी येण्यासाठी दोन हजार रुपयेही सोबत ठेवा. भारतीय चलन पंचवीस हजारांपर्यंत बाहेर नेता येते.

प्रश्न : गेल्या उन्हाळ्यात आम्ही युरोपला गेलो होतो. स्वित्झर्लंडमध्ये एका दुकानात कार्ड लावल्यावर यंत्राने रुपयांत द्यायचे की फ्रँकमध्ये, असे विचारले. आपले चलन ओळखीचे म्हणून आम्ही रुपये निवडले. घरी येऊन पाहिले तर रक्कम अपेक्षेपेक्षा बरीच जास्त होती. बँकेची चूक असावी का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : बँकेची चूक नाही, आणि तुमचीही म्हणता येणार नाही, कारण यंत्र तो प्रश्न सोयीचा वाटेल अशाच रीतीने विचारते. रुपये निवडले की फ्रँकचे रुपये तुमची बँक करत नाही, ते दुकानाची बँक किंवा तिने नेमलेली कंपनी स्वतःच्या भावाने करते. त्या भावात तिचा नफा मिळवलेला असतो आणि त्यातला काही भाग बहुधा दुकानदाराकडे जातो. एवढे होऊनही तुमच्या बँकेचा आकार टळतोच असे नाही, कारण परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरही आपल्याकडच्या अनेक बँका शुल्क लावतात. म्हणून जिथे आहात तिथलेच चलन निवडावे, हा नियम दुकानात, हॉटेलात आणि एटीएमसमोर, कुठेही मोडू नये. दुकानदाराने न विचारताच रुपये निवडले असतील, तर सही करण्यापूर्वी व्यवहार रद्द करून फ्रँकमध्ये पुन्हा करायला सांगावे. तो तुमचा अधिकार आहे.

युरोपला जाणाऱ्यांची आणखी एक गफलत होते. फॉरेक्स कार्डावर सगळे पैसे युरोत भरले जातात, आणि स्वित्झर्लंडमध्ये फ्रँक, प्रागमध्ये कोरुना, बुडापेस्टमध्ये फोरिंट लागतात तेव्हा प्रत्येक व्यवहारावर चलनबदलाचा आकार पडतो. स्वित्झर्लंडमध्ये चार दिवस राहायचे असेल तर कार्डावर फ्रँक वेगळे भरून घ्यावेत. स्विस दुकानांत युरोच्या नोटा पुष्कळदा घेतात, पण सुटे फ्रँकमध्ये परत मिळतात आणि भाव दुकानाचा असतो. निघण्यापूर्वी बँकेच्या अॅपमध्ये कार्डाचा परदेशातील वापर सुरू करायला विसरू नये, कारण १ ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ही सोय मूळात बंदच असते.

प्रश्न : वडिलांच्या पश्चात कपाट आवरताना एका लखोट्यात वीस आणि पन्नास पौंडांच्या जुन्या कागदी नोटा, थोडे दिरहम आणि मूठभर परदेशी नाणी सापडली. हे जवळ ठेवणे बेकायदा आहे का? नोटांना आता किंमत आहे का? (एक वाचक, ठाणे)

उत्तर : घाबरण्यासारखे काही नाही. परदेशाहून परतल्यावर उरलेले चलन १८० दिवसांच्या आत परत करावे, असा नियम आहे, परंतु नोटांच्या रूपात दोन हजार डॉलरच्या किमतीएवढे चलन भारतात राहणाऱ्या व्यक्तीला स्वतःजवळ ठेवता येते आणि नाण्यांना तर मर्यादाच नाही. लखोट्यातली रक्कम याहून अधिक भरत असेल, तर मात्र जास्तीचे चलन परवानाधारकाकडे विकून पावती जपून ठेवावी.

वीस आणि पन्नास पौंडांच्या कागदी नोटा ३० सप्टेंबर २०२२ नंतर इंग्लंडमध्ये चलनातून बाद झाल्या, त्यामुळे ठाण्यातला मनी चेंजर त्या घेणार नाही. पण त्यांची किंमत बुडालेली नाही. बँक ऑफ इंग्लंड आपल्या जुन्या नोटा कितीही वर्षांनी बदलून देते. लंडनमधील तिच्या काउंटरवर किंवा टपालाने ते करता येते आणि ओळखपत्राचे कागद लागतात. नात्यातले कोणी तिकडे राहत असेल, तर त्यांच्यामार्फत काय करता येईल ते आधी बँकेच्या संकेतस्थळावर वाचून मगच नोटा पाठवाव्यात.

दिरहमची चिंता नाही. ३.६७२५ दिरहम म्हणजे एक डॉलर, असे ते चलन १९९७ पासून डॉलरला बांधलेले आहे. घरातले कोणी दुबईला जाणार असेल तर ठेवून द्यावेत, नाहीतर दोन-तीन ठिकाणी भाव विचारून विकावेत. नाणी मात्र कोणताही मनी चेंजर घेत नाही. ती त्या देशात जाणाऱ्या ओळखीच्या माणसाकडे द्यावीत, तिथे पोहोचल्यावर बसच्या तिकिटाला किंवा कॉफीला ती लगेच उपयोगी पडतात.