बर्फातला माग, फुफाट्यातला माग

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त वनपालाची उत्तरं

प्रश्न : माझा मुलगा फौजेत आहे, सध्या लडाखच्या बाजूला. पहाटे गस्तीला निघाल्यावर बर्फात पावलं दिसतात, की तो फोटो पाठवतो आणि विचारतो, "अण्णा, हे कशाचं?" मी शेतकरी माणूस. आमच्या बांधावरून रानडुक्कर गेलं तर मला कळतं, पण बर्फ मी जन्मात पाहिलेला नाही. तीन फोटो पाठवतोय. पहिल्यात ठशाशेजारी काडेपेटी आहे. दुसऱ्यात चार-चार खुणांचे झुबके आहेत, प्राणी उलट चाललाय असं वाटतं. तिसरा ठसा माणसाच्या पावलापेक्षा मोठा आहे. तो दुपारी दोनच्या सुमारास उन्हाच्या उतारावर काढलाय. मुलाचे सोबती म्हणतात, हिममानव आहे. (एक वाचक, कोरेगाव)

उत्तर : अण्णा, मुलाच्या ठाण्याचं नाव लिहिलं नाहीत ते योग्यच केलंत. माग वाचायला ते लागत नाही. उतार कुठल्या बाजूचा, ऊन कधीचं आणि ठशाशेजारी मापाला काय ठेवलंय, एवढं कळलं की पुरतं. सांगितल्याशिवाय त्यानं काडेपेटी ठेवली, यातच तुमच्या मुलाची नजर दिसते.

पहिला फोटो मी तीन दिवस टेबलावर ठेवला होता. काडेपेटी साधारण पाच सेंटिमीटर लांब असते. ठसा त्याच्या दुपटीला जरा कमी, म्हणजे नऊ-दहा सेंटिमीटर. चार बोटं, आकार गोलसर, नखं उमटलेली नाहीत. मांजराच्या कुळातले प्राणी चालताना नखं आत ओढून घेतात, म्हणून कुत्रा, लांडगा, खोकड इथंच बाजूला पडतात. (चढावर पकड घेताना मांजर नखं बाहेर काढतंही, तेव्हा निव्वळ नखांवरून निकाल देऊ नये.) ठशाच्या कडा पुसट आहेत, गादीचा आकार स्पष्ट नाही. तो फोटोचा दोष समजू नका. थंड मुलखातल्या मांजरांच्या तळव्यांवर दाट केस असतात आणि ते केस बर्फात असेच उमटतात.

आता त्या उंचीवर एवढ्या मापाची दोन मांजरं फिरतात, हिमबिबट्या आणि लिंक्स. दोघांच्या पायाला केस, दोघांचा ठसा गोल. एकट्या ठशावर मी उत्तर दिलं नसतं. पण फोटोच्या वरच्या कोपऱ्यात, जिथं बर्फ खोल आहे तिथं, दोन ठशांच्या मधून एक उथळ रेघ गेलेली दिसते. भिंग लावून बघा. लिंक्सचं शेपूट बोटभर आखूड, ते बर्फाला टेकायचं नाही. हिमबिबट्याचं शेपूट जवळजवळ मीटरभर लांब आणि मनगटाएवढं जाड. उड्या मारताना तोल त्यावरच सांभाळला जातो, आणि झोपताना ते तोंडावर पांघरुणासारखं घेतलं जातं. पोटापर्यंत बर्फ लागला की कधीकधी ते असं टेकतं. माझं मत हिमबिबट्याचं आहे. २०२४ च्या जानेवारीत देशातल्या हिमबिबट्यांचा अंदाज जाहीर झाला, ७१८. त्यांतले बहुतेक लडाखमध्ये. त्यांतल्या एकाच्या वाटेवर तुमचा मुलगा पहाटे उभा होता, हे घरात सगळ्यांना सांगा.

त्याला माझा एक निरोप द्या. पुन्हा असा माग दिसला तर तो कड्याच्या पायथ्याशी, सरळ उभ्या दगडाशी जातो का, हे लांबून बघायचं. असे दगड म्हणजे हिमबिबट्याची निरोप ठेवायची जागा. तिथं तो मूत्राचा फवारा मारतो आणि मागच्या पायांनी जमीन उकरतो. निवृत्तीनंतर एका फेब्रुवारीत मी स्पितीमधल्या किब्बरला बारा दिवस राहिलो, सुमारे ४,२०० मीटरवर. हिमबिबट्या मला दिसला नाही. असा एक उकरलेला दगड मात्र दिसला आणि त्याच्यासमोर मी पाय बधिर होईपर्यंत बसून होतो.

दुसरा फोटो सशाचा. त्यात तुम्ही म्हणता तसं प्राणी उलट चाललाय असं वाटतं खरं. ससा धावतो तेव्हा पुढचे दोन छोटे पाय आधी टेकतात, एकामागे एक. मग मागचे लांब पाय त्यांच्या बाहेरून पुढं येऊन शेजारी-शेजारी पडतात. म्हणजे ठशात पुढं दिसणारी मोठी पावलं मागच्या पायांची असतात. मोठी जोडी ज्या बाजूला, ससा त्या बाजूला गेला. हे तुम्ही तुमच्याच पाणंदीतल्या फुफाट्यात ताडून बघा, आपला रानससाही अगदी असाच धावतो. त्याच फोटोत डावीकडे बारीक ठशांची एक सरळ ओळ आहे, कापडावर धावदोरा घालावा तशी. ती खोकडाची असावी. पुढच्या पावलाच्या खड्ड्यातच मागचं पाऊल टाकून तो चालतो, म्हणून चार पायांचा प्राणी दोन पायांचा वाटतो. खोल बर्फात प्रत्येक पावलाला नवा खड्डा करण्यापेक्षा त्यात कष्ट वाचतात.

तिसऱ्या फोटोचं उत्तर तुम्हीच कळवलंत : दुपारचे दोन आणि उन्हाचा उतार. बर्फातला ठसा मातीतल्यासारखा जागेवर राहत नाही. ऊन लागलं की खड्ड्याच्या कडा वितळून मागं सरतात आणि ठसा पसरतो. शेजारचे दोन-तीन ठसे वितळून एक झाले की बोटं, टाच सगळं असल्यासारखं दिसतं. रात्री ते गोठतं, दुसऱ्या दिवशी आणखी पसरतं. १९५१ साली एव्हरेस्टच्या पाहणीवरून परतताना एरिक शिप्टन यांनी मेनलुंग हिमनदीवर असाच एक मोठा ठसा टिपला. मापासाठी त्यांनी शेजारी बर्फकुऱ्हाड ठेवली होती. त्या एका फोटोनं जगभर हिममानवाची चर्चा पेटली आणि तो ठसा कशाचा होता यावर आजही वाद आहे. तुमच्या मुलानं एक करावं. तोच माग धरून सावलीतल्या उतारापर्यंत जावं, अर्थात त्याच्या कामात बसत असेल आणि वाट निर्धोक असेल तरच. सावलीत ठसा वितळलेला नसतो. तिथं खरं माप मिळेल आणि बहुधा ते खोकडाचं किंवा कुत्र्याचं निघेल.

प्रश्न : आमच्या उसाच्या कडेला ओल्या मातीत मोठे ठसे उमटलेत. पुढच्या आठवड्यात तोडणीची टोळी येणार आहे. कोणी म्हणतं बिबट्या, कोणी म्हणतं तरस. फोटो मोबाइलवर सगळ्या गावात फिरला, आता बायका भांगलणीला यायला तयार नाहीत. फोटोत मापासाठी काही ठेवायचं राहिलं. (एक वाचक, शिराळा तालुका)

उत्तर : ताई, चांदोलीचं जंगल तुमच्या तालुक्यातच आहे. त्यामुळे भीतीला आधार नाही असं मी म्हणणार नाही. पण फोटोतला ठसा पाहून मला माझीच एक चूक आठवली, ती आधी सांगतो.

१९९१ मध्ये, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, पाटण तालुक्यातल्या एका वाडीत मला असाच ठसा दाखवला. पाऊस होऊन गेलेला, चिखल गुळगुळीत, ठसा तळहाताएवढा. मी वाकलो, पाहिला आणि बिबट्या म्हणून सांगितलं. अंगावर वर्दी होती, त्यामुळे लोकांनी विश्वास ठेवला. आठ दिवस शेतात कोणी गेलं नाही, रात्री गोठ्यांपुढं जाळ पेटत राहिले. नवव्या दिवशी वरच्या सड्यावरचे एक म्हातारे गवळी-धनगर खाली आले. ते ठशाकडं पाहायला वाकलेसुद्धा नाहीत. "साहेब, एकावर थांबलात व्हय? वीस पावलं चला की," म्हणाले. आम्ही चाललो. माग इकडं वळला, तिकडं वळला, उकिरड्याला वळसा घालून एका घराच्या दारात गेला. तिथं त्या घराचा दांडगा कुत्रा बसला होता. ओल्या चिखलात त्याचं पाऊल पसरलं होतं आणि नखांच्या खुणा बुजल्या होत्या. माझ्या एका शब्दानं त्या वाडीची आठ दिवसांची मजुरी बुडाली. तेव्हापासून मी एका ठशावर कधीच उत्तर देत नाही.

म्हणून तुम्हीही वीस पावलं चला. दिवसा, दोघी-तिघी मिळून, बोलत-बोलत, आणि उसात न शिरता कडेकडेनं. कुत्रा रमतगमत, वास घेत, नागमोडी जातो. बिबट्या सरळ, एका चालीत जातो आणि त्याला तुमची गाडीवाट झाडीपेक्षा सोयीची वाटते. घट्ट जमिनीवरचा ठसा शोधा, चिखलातला नको. बिबट्याच्या तळव्याची गादी बोटांच्या मानानं मोठी असते, मागच्या कडेला तिला तीन फुगवटे असतात. पुढची दोन बोटं एका रेषेत नसतात, आपल्या हाताच्या मधल्या बोटासारखं एक जरा पुढं असतं. कुत्र्याची मधली दोन बोटं बरोबरीनं असतात, नखं टोकदार उमटतात, गादी लहान आणि तिकोनी असते. बिबट्याचं पुढचं पाऊल साधारण सात ते नऊ सेंटिमीटर रुंद भरतं, पण तेवढं दांडग्या कुत्र्याचंही भरतं. नुसत्या मापावर जाऊ नका.

तरसाची गोष्ट वेगळी. त्याचा पुढचा भाग जड, मागचा उतरता. म्हणून पुढचं पाऊल मोठं आणि मागचं बरंच लहान उमटतं, दोन वेगळे प्राणी गेल्यासारखं वाटावं इतकं. नखं बोथट, पण दिसतात.

तुमच्या फोटोत मला नखांचे दोन ठिपके दिसतात. माझा कल कुत्र्याकडे आहे, तरी शेजारी पट्टी किंवा काडेपेटी ठेवून सकाळी आठच्या आत पाच-सहा ठसे टिपा आणि पाठवा. तिरप्या उन्हात कडांची सावली पडते. ऊन डोक्यावर आलं की ठसा सपाट दिसतो. ठसा ताजा आहे का, हेही तेव्हाच कळतं. दव पडून गेल्यावर कोणी चालून गेलं तर ओली साय फुटून खालची कोरडी माती दिसते. ठसाही आजूबाजूच्या मातीइतकाच दवानं भिजलेला असेल, तर तो आदल्या संध्याकाळचा.

टोळीच्या मुकादमाला मात्र आत्ताच सांगून ठेवा. फडात पिल्लं सापडली तर हात लावायचा नाही, फोटोला घेऊन बसायचं नाही. तोडणी तिथं थांबवायची, सगळ्यांनी मागं यायचं आणि वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर कळवायचं. जागा शांत ठेवली तर आई बहुतेक वेळा त्याच रात्री येऊन पिल्लं तोंडात धरून नेते. गर्दी जमली की तिला येता येत नाही. मग ती चिडते आणि धोका तेव्हा खरा होतो. एवढी विनंती मी हात जोडून करतो.

प्रश्न : मी सातवीत आहे. सांगलीत बर्फ पडत नाही आणि आमच्याकडे जंगलपण नाही. मला ठसे ओळखायला शिकायचंय. कुठून सुरुवात करू? (एक विद्यार्थिनी, सांगली)

उत्तर : बाळ, मी सुरुवात घरच्या मांजरापासून केली होती. एका पसरट ताटात किंवा पत्र्यावर बोटभर जाडीची माती पसर. ती पिठाच्या चाळणीनं चाळून घे (जुनी चाळणी घे, आईला विचारून). वरून पाण्याचा हलका हात फिरव आणि रात्री अंगणात ठेवून दे, मधोमध थोडा शिळा भात. पहिल्या आठवड्यात मांजर, कुत्रा, उंदीर, कावळा एवढे चार जरी आले तरी पुष्कळ. मांजराचा ठसा नीट पाहिलास की बिबट्याचा अर्धा येतो, कारण घडण तीच, माप फक्त मोठं. प्रत्येक ठसा वहीत खऱ्या मापाचा काढ, शेजारी तारीख आणि रात्री दव होतं का तेही लिही.

महिन्यानं घरातल्या मोठ्यांना घेऊन कृष्णेच्या काठी जा. पाणी ओसरल्यावर राहिलेला गाळ हा आपल्याकडचा बर्फच आहे. बगळ्याची तीन लांब बोटं पुढं आणि एक मागं दिसेल. मुंगसाची पाच बोटं नखांसकट दिसतील. त्यातला आवडेल तो ठसा उचलायचा असेल तर पुठ्ठ्याची पट्टी वळून त्याच्याभोवती कडं कर आणि प्लास्टर ऑफ पॅरिस दह्याइतकं पातळ कालवून त्यात हळूच ओत. अर्ध्या तासात घट्ट होईल. पूर्वी आम्ही वाघाच्या ठशावर काच धरून त्याची रेघ कागदावर उतरवायचो आणि त्यावरून वाघ मोजायचो. २००६ पासून ती पद्धत सुटली, आता कॅमेऱ्यात पट्टे टिपून मोजणी होते. माझ्याकडं तशी एक काच अजून आहे, एका कोपऱ्याला टवका उडालेली. वहीची पंधरा पानं भरली की मला पत्र लिही, ती काच मी तुला पाठवीन.