दोष रेप्लिकेशनचा की राहून गेलेल्या स्नॅपशॉटचा?

प्रश्न : आमच्या पतसंस्थेचा एसक्यूएल सर्व्हर डेटाबेस व्हीएमवेअरवरील एका व्हर्च्युअल मशीनमध्ये (सॉफ्टवेअरने उभारलेल्या आभासी संगणकात) आहे. स्नॅपशॉट (मशीनची त्या क्षणाची टिपलेली स्थिती) घेऊन काम करणारे एक बॅकअप सॉफ्टवेअर दर 15 मिनिटांनी त्या मशीनची प्रत दुसऱ्या शाखेत पाठवते (रेप्लिकेशन). गेले तीन आठवडे काउंटरवरचे व्यवहार मंदावले आहेत आणि मधूनच काही सेकंद सर्वच स्क्रीन थिजतात. तीन आठवड्यांपूर्वी नवी आवृत्ती बसवताना घेतलेला स्नॅपशॉट आम्ही सुरक्षितता म्हणून तसाच ठेवला आहे. रेप्लिकेशन बंद करावे का? (एक वाचक, सांगली)

उत्तर : रेप्लिकेशन बंद करू नका. ठेवीदारांच्या नोंदींची दुसऱ्या ठिकाणची प्रत सोडून देण्याइतके हे दुखणे मोठे नाही. तुमच्या तक्रारी मात्र दोन आहेत आणि त्यांची कारणेही निरनिराळी दिसतात.

सततचा मंदपणा बहुधा जुन्या स्नॅपशॉटमुळे आहे. स्नॅपशॉट घेतला की मूळ डिस्कची फाइल केवळ वाचण्यापुरती उरते आणि पुढचे सर्व लेखन वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जाते; त्यामुळे वाचताना हवा तो भाग दोहोंपैकी कोठे आहे हे आधी पाहावे लागते आणि लिहिताना नव्या जागेची नोंद ठेवावी लागते. सतत लहान लहान लेखन करणाऱ्या डेटाबेसला हा भार लगेच जाणवतो. एकापाठोपाठ घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत 32 स्नॅपशॉट चालत असले, तरी कामगिरीसाठी 2 ते 3 पुरेत आणि कोणताही स्नॅपशॉट 72 तासांपेक्षा अधिक ठेवू नये, असे व्हीएमवेअर स्वतःच सांगते. शिवाय डेल्टा फाइल मूळ फाइलीवाचून निरुपयोगी असते; स्टोरेज गेले तर दोन्ही जातील. तुम्ही ज्याला सुरक्षितता म्हणता, तो बॅकअप नव्हेच.

स्क्रीन थिजण्याचे कारण रेप्लिकेशनच्या पद्धतीत आहे. तुमचे सॉफ्टवेअर दर फेरीला स्नॅपशॉट घेते आणि प्रत पाठवून झाली की तो मूळ डिस्कमध्ये विलीन करते. या दोन्ही क्षणी मशीन थोडा वेळ थांबवावे लागते; स्टोरेज मंद असेल किंवा त्याच वेळी लेखन जोरात चालू असेल, तर हा थांबा लांबतो. थिजण्याच्या वेळा सॉफ्टवेअरच्या लॉगमधील वेळांशी जुळवून पाहा. सर्वच रेप्लिकेशन असे चालत नाही. व्हीएमवेअरचे व्हीस्फिअर रेप्लिकेशन डिस्कचे बदललेले ब्लॉक (तुकडे) टिपून पाठवते, तर मायक्रोसॉफ्टची हायपर-व्ही रेप्लिका लेखनाची वेगळी लॉग फाइल ठेवते. या पद्धतींचाही स्टोरेजवर आणि नेटवर्कवर भार पडतो, पण दर फेरीला स्नॅपशॉट विलीन करण्याची वेळ येत नाही.

माझा सल्ला असा, की 15 मिनिटांपेक्षा जास्त काळाच्या नोंदी गमावू नयेत ही हमी एसक्यूएल सर्व्हरच्या लॉग शिपिंगवर (व्यवहारांच्या लॉगचे बॅकअप ठरावीक वेळाने दुसऱ्या सर्व्हरवर पाठवून तेथे लागू करण्याच्या सोयीवर) सोपवावी आणि संपूर्ण मशीनची प्रत रात्री पाठवावी. त्याआधी जुना स्नॅपशॉट काढा; मात्र ते काम व्यवहार बंद झाल्यावर, ताजा बॅकअप घेऊन, रेप्लिकेशनची फेरी थांबवून आणि डेटास्टोअरवर (मशीनच्या फाइली असतात त्या साठ्यावर) मोकळी जागा आहे ना हे पाहूनच करा. तीन आठवड्यांची डेल्टा फाइल विलीन होण्यास काही तास लागू शकतात आणि प्रगतीचा आकडा बराच वेळ एकाच जागी दिसू शकतो. तेव्हा घाबरून मशीन किंवा होस्ट (ते मशीन ज्यावर चालते तो सर्व्हर) बंद करू नका. डिस्कची लेटन्सी (प्रतिसादाला लागणारा वेळ) आधी आणि नंतर, दोन्ही वेळा मोजून ठेवा; स्नॅपशॉट गेल्यावरही ती चढीच राहिली, तर दोष स्टोरेजमध्ये शोधावा लागेल.