काढा नव्हे, फांट!

दादरहून एक ताई विचारतात: ‘गवती चहा नि पुदिना उकळत्या पाण्यात टाकून पाच मिनिटं झाकून ठेवते, मग गाळते. याला काढा म्हणावं का? हर्बल टी म्हणायचं जिवावर येतं.’

काढा मुळीच म्हणू नका. मुंबईत हल्ली गरम पाण्यात पुडी बुडवली की झाला काढा, आणि ते ऐकून माझं डोकं उठतं. काढा म्हणजे संस्कृत ‘क्वाथ’. कढ, कढत, कढणे ही सगळी त्याच घरातली. कढच आला नाही, तर काढा कसला? अर्क ‘काढतात’ म्हणून काढा, ही व्युत्पत्ती सांगणाऱ्यांचं ऐकू नका; ‘काढणे’ ओढण्याच्या ‘कृष्’ धातूकडून आलं, त्याचं कूळ निराळं. आयुर्वेदाचा जुना ग्रंथकार शार्ङ्गधर तर काढ्यासाठी औषधाच्या १६ पट पाणी घेऊन ते अष्टमांश उरेपर्यंत आटवायला सांगतो.

२०२० साली आयुष मंत्रालयाने तुळस, दालचिनी, सुंठ, मिरी यांची पूड उकळलेल्या पाण्यात घालून चहासारखी प्यायला सांगितली आणि तिला नाव दिलं ‘आयुष क्वाथ’. नाव क्वाथाचं, कृती फांटाची! सरकारी कागदच असं म्हणतो, तर लोकांना काय बोल लावायचा?

हो, फांट. कुटलेल्या औषधावर चौपट गरम पाणी ओतायचं, मुरू द्यायचं, फडक्याने गाळायचं. पण खरी गंमत पुढे आहे. हा शब्द थेट पाणिनीच्या सूत्रात सापडतो (७.२.१८). ‘फण्’ धातूचं नेहमीच्या नियमाने ‘फणित’ व्हायला हवं. पाणिनी म्हणतो, अर्थ ‘अनायास’ असेल तर ‘फाण्ट’. ‘काशिका’ या पाणिनीवरच्या टीकेचे कर्ते उलगडून सांगतात: शिजवायचं नाही, वाटायचं नाही, नुसत्या पाण्याच्या स्पर्शाने रस सुटतो तो फांट. विनासायास झालेलं पेय! आयुर्वेदात उसाचा रस आटवून केलेल्या राबेला ‘फाणित’ म्हणतात. माझ्या मते तोही याच धातूचा: एक भाऊ चुलीवर तासन्‌तास घाम गाळणारा, दुसरा बसल्या जागी तयार. कोशकारांना हे नातं मान्य नसेल, तर त्यांनी ‘फाणित’ची दुसरी पटणारी व्युत्पत्ती द्यावी.

धणे-जिरे रात्रभर गार पाण्यात भिजवून सकाळी गाळता, तो ‘हिम’. तोही काढा नव्हे.

आणि ताई, झाकण ठेवता ते योग्यच. गवती चहाचा वास उडणाऱ्या तेलात असतो. कढवलात तर तो स्वयंपाकघरात दरवळेल, कपात उतरणार नाही.