चामडं शिवायला जुनं सिंगर घ्यायचंय : रंगवलेला पॅचर की कळकट वॉकिंग फूट?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: साताऱ्यात घरी हाताने बेल्ट, पाकिटं, छोट्या बॅगा करता, ऑर्डरी वाढल्यात आणि आता मशीन हवंय. दोन जुनी मशीनं समोर आहेत. एक सिंगर २९के पॅचर, नवीन काळा रंग आणि सोनेरी नक्षी मारलेलं. दुसरं सिंगर १११डब्ल्यू१५५, वॉकिंग फूट म्हणजे वरचा पायही चामडं पुढे नेतो असं, तेलाने माखलेलं, आणि 'टाके सोडतं' असं विकणाराच सांगतोय. कुठलं घ्यावं, आणि दुरुस्ती स्वतःला जमेल का?

दुसरं घ्या, पण खाली सांगतो ते तपासून. मी धारावीत बॅगा-पर्सवाल्यांची मशीनं दुरुस्त करतो आणि माझं मत ठाम आहे: मळलेलं मशीन घ्यावं, रंगवलेलं नको. मळ रॉकेलने निघतो. बिघडलेली जुळणी स्क्रू-ड्रायव्हरने आणि डोळ्यांनी परत बसवता येते. झिजलेलं लोखंड मात्र भरून येत नाही, पार्ट बदलावा लागतो, आणि तो मिळाला तर मिळाला. रंग मारणाऱ्याला नेमकी ही झीजच झाकायची असते. रंगवलेलं प्रत्येक मशीन वाईट असतं असं नाही, पण रंगाचे पैसे तुम्ही का द्यायचे?

आधी पॅचरबद्दल, कारण बेल्ट-पाकिटं करणारे बरेच जण तिथेच फसतात. हे मशीन मुळात चपला-बुटांच्या दुरुस्तीसाठी बनलेलं आहे. त्यात खाली दाते नसतात, वरचा पायच चामडं ओढतो, आणि तो पाय चारी दिशांना फिरतो. बुटाच्या आत हात घालून ठिगळ लावायला याच्यासारखं मशीन नाही. पण तुमच्या कामाला त्याच्या तीन गोष्टी आड येतात. बॉबिन लहान, त्यामुळे जाड दोरा घेतला की खालचा दोरा लवकर संपतो. पायाला दात असतात, आणि हिरडा-बाभळीवर कमावलेल्या चामड्यावर ते दात उमटतात. बेल्टच्या दर्शनी बाजूला ती रांग दिसली की गिऱ्हाईक माल परत करतं. तिसरं, लांब सरळ शिलाई एका रेषेत ठेवायला पॅचरवर हात फार बसलेला लागतो.

तरी पॅचर बघायला जाणारच असाल तर एकच चाचणी करा. टाका सगळ्यात मोठा ठेवा, चामड्याच्या तुकड्यावर हाताने चाक फिरवून दहा-बारा टाके घाला आणि पट्टीने मोजा. या मशीनची मूळ क्षमता साधारण इंचाला ५ टाक्यांची, म्हणजे टाका ५ मिमीच्या आसपास. मोठ्यात मोठा टाका ३ मिमीवर अडत असेल तर पाय हलवणारा कॅम आणि त्याची लिव्हर झिजली आहे. मग पाय सगळ्या दिशांना फिरवून बघा. पुढे जाताना टाका मोठा आणि आडवं जाताना बारीक येत असेल, तरी दुखणं तेच. 'स्क्रू फिरवला की होईल' असं कुणी म्हणालं तर विश्वास ठेवू नका.

मॉडेलच्या नंबरातलं 'के' म्हणजे स्कॉटलंडमधल्या क्लाइडबँकचा किलबोवी कारखाना. तो १८८५ मध्ये सुरू झाला आणि १९८० मध्ये बंद पडला, म्हणजे तिथलं शेवटचं मशीनसुद्धा आज पंचेचाळीशीच्या घरात आहे. 'डब्ल्यू' म्हणजे अमेरिकेतलं ब्रिजपोर्ट. व्हीलर अँड विल्सनचा कारखाना सिंगरने घेतला, त्याची ही खूण. हल्ली चिनी नकलेवरही सिंगरचं स्टिकर लावून विकतात, म्हणून स्टिकर सोडा आणि बेडवर ठोकलेला नंबर वाचा.

आता १११डब्ल्यू१५५. यात सुई, आतला पाय आणि खालचे दाते असं तिन्ही मिळून चामडं पुढे नेतं. त्यामुळे दोन थर एकमेकांवरून सरकत नाहीत, आणि बेल्टला तेच हवं असतं. बघायला जाताना आपलंच चामडं, आपलाच दोरा आणि एक नवी सुई घेऊन जा. सुईची सिस्टिम १३५x१६ मागा, ती चामड्याच्या टोकाची. १३५x१७ कापडी टोकाची असते. दुकानदाराच्या मऊ रेग्झिनवर कुठलंही मशीन छान शिवतं.

मोटर बंद ठेवा. चाक हाताने पुढे-मागे किंचित हलवा आणि सुईची दांडी कधी हलायला लागते ते बघा. चाक बोटभर फिरून मग दांडी हलत असेल तर आत प्ले, म्हणजे ढिलेपणा आहे. मग दांडी बोटांत धरून डावी-उजवीकडे हलवा. केसाएवढं हललं तर चालतं, पण खडखड वाजलं तर बुश, म्हणजे दांडी ज्यात सरकते ती आधाराची नळकांडी, गेलेत. त्यानंतर सुईजवळची सरकपट्टी काढून हुक, म्हणजे सुईचा दोरा पकडून खालच्या दोऱ्यात गुंतवणारा फिरता भाग, बघा. बैल घेताना दात बघतात, तसा मशीनचा हुक बघावा. टोक तुटलेलं, बोथट किंवा कुणी कानशीने घासून तोकडं केलेलं असेल तर नव्या हुकाची किंमत सौद्यातून वजा करा. टोकावर नख हलकेच फिरवा, खरखर लागली तर दोरा तिथेच पिंजतो. थोडी खरखर बारीक पॉलिश पेपरने निघते. शेवटी स्क्रूंची डोकी बघा. खाचा फाटलेल्या असतील तर आधीच्या मिस्त्रीने जबरदस्ती केली आहे. सिंगरच्या स्क्रूंचे आटे स्वतःचे, वेगळे असतात. बाजारचा साधा मेट्रिक स्क्रू त्यात पिळून बसवला की भोक कायमचं बिघडतं.

या मॉडेलला रिव्हर्स नाही, हे घेण्याआधी माहीत असू द्या. शेवटी चामडं फिरवून दोन-तीन टाके मागे घ्यायचे, किंवा दोन्ही दोरे मागच्या बाजूला ओढून नायलॉनची टोकं लायटरने हलकेच वितळवून दाबायची. सवयीने काही अडत नाही.

'टाके सोडतं' हा दोष मला घाबरवत नाही, उलट भाव पाडायला तो तुमच्या कामी येईल. टाका कसा बनतो ते समजलं की दोष कुठे शोधायचा ते कळतं. सुई तळाला जाते आणि किंचित वर यायला लागते. त्या क्षणी दोरा सुईच्या खाचेकडे (नेढ्याच्या वरचा छोटा खळगा, लांब खोबण नव्हे) फुगून छोटा फास तयार होतो, आणि हुकाचं टोक त्या फासातून जातं. फास झाला नाही, किंवा झाला तेव्हा टोक तिथे नव्हतं, तर टाका सुटतो. जाड, कडक चामडं सुईला घट्ट धरतं आणि सुई वर येताना तिच्याबरोबर वर उचललं जातं. मग फास होतच नाही. म्हणून टायमिंगला, म्हणजे सुई आणि हुकाच्या वेळेच्या जुळणीला, हात लावण्याआधी पायाचा दाब वाढवून बघा, सुई नवी घाला, तिची खाच हुकाच्या बाजूला आहे ना ते बघा, आणि सुई दोऱ्याला पुरेशी जाड आहे का तेही. टेक्स (दोऱ्याच्या जाडीचं माप) ७० च्या बाँडेड नायलॉनला ११० नंबर, टेक्स ९० ला १२५, टेक्स १३५ ला १४० हे माझं रोजचं माप आहे. सुईचा नंबर म्हणजे तिची जाडी मिलिमीटरच्या शंभराव्या भागात, म्हणजे १४० ची सुई १.४ मिमी. या मशीनवर टेक्स १३५ च्या वर जाऊ नका. टाके सोडणारी कितीतरी मशीनं माझ्याकडे नुसत्या सुईवर आणि दाबावर बरी होऊन परत गेली आहेत.

मशीन शिवतच नसेल, हुक फिरतच नसेल, तरी लगेच खराब समजू नका. दोरा हुकात अडकला की हुक वाचावा म्हणून या मशीनचा सेफ्टी क्लच सुटतो. अडकलेला दोरा चिमट्याने पूर्ण काढा, बेडवरची कळ दाबून धरा आणि चाक जरा जोर लावून उलटं फिरवा. खट् करून क्लच बसतो. एवढ्याशा गोष्टीपायी मशीन भंगारात निघाल्याचं मी पाहिलं आहे.

घरी आणल्यावर पहिलं काम सफाईचं. जुनं तेल गोंदासारखं घट्ट झालेलं असतं. तेलाच्या प्रत्येक भोकात रॉकेलचे दोन-चार थेंब टाका, चाक फिरवत राहा, रात्रभर ठेवा, सकाळी पुन्हा तेच. हुकाखाली दोऱ्याचे तुकडे आणि चामड्याचा भुसा दाबून बसलेला असतो, तो जुन्या टूथब्रशने काढा. रॉकेल वंगण नाही, त्यामुळे पुसून झाल्यावर शिलाई मशीनचं पांढरं तेल सगळीकडे द्यायचंच. खोबरेल किंवा गाडीचं इंजिन ऑइल अजिबात नको. खोबरेल तर थंडीत आतच गोठतं.

एवढं करूनही टाके सुटले तर टायमिंग बघा. आधी मोबाइलवर फोटो काढा आणि प्रत्येक स्क्रू हलवण्यापूर्वी मार्करने खूण करा. दाते आणि सुईप्लेट काढा, नवी सुई लावा. चाक नेहमीच्या दिशेनेच फिरवत सुई अगदी तळाला न्या आणि तिथून साधारण २.४ मिमी वर येऊ द्या. दांडीवर दोन रेघा असतील तर त्या याच मापासाठी कोरलेल्या आहेत. या जागी हुकाचं टोक सुईच्या बरोबर मध्यावर आणि नेढ्याच्या वरच्या कडेपासून सुमारे दीड मिमी वर हवं. टोक उशिरा किंवा लवकर येत असेल तर हुकाचे स्क्रू सैल करून हुक फिरवायचा. वेळ बरोबर पण उंची चुकत असेल तर सुईची दांडी वर-खाली करायची. दोन्ही एकदम सैल करू नका, नाहीतर काय हललं ते कळणारच नाही. आणि सुई-टोकामधलं अंतर: कागद जेमतेम जाईल एवढंच, ०.०५ ते ०.१ मिमी. टोक सुईला घासलं तर टोक मरतं, लांब राहिलं तर फास निसटतो. बॅटरीचा उजेड मागून टाकला की ही फट स्वच्छ दिसते. शांतपणे बसलात तर हे तुम्हाला नक्की जमेल. हाताने आरी चालवणाऱ्याला टाक्याची जाण आधीच असते, नव्या कारागिराला तीच शिकवायला सगळ्यात जास्त वेळ लागतो.

टेन्शनचं एकच सांगतो. खालच्या बाजूला दोऱ्याचे फास लोंबत असतील तर दोष बहुधा वरच्या दोऱ्याचा असतो. लोक बॉबिन केसचा स्क्रू पिळतात आणि गोंधळ वाढवतात. पाय खाली टेकवा, कारण पाय वर असताना टेन्शनच्या चकत्या उघड्या असतात आणि माप खोटं येतं. दोरा चकत्यांच्या मध्ये नीट बसलाय ना बघा, मग वरचं टेन्शन थोडं थोडं वाढवा. दोन्ही दोऱ्यांची गाठ चामड्याच्या पोटात गेली की थांबा.

पायाच्या खुणा उमटत असतील तर बाहेरच्या पायाचे दात घासून, पॉलिश करून गुळगुळीत करा, किंवा बिनदाती पाय घ्या. खालचे दातेही कोवळ्या चामड्यावर उमटतात, तिथे पायाचा दाब जरा उतरवावा लागतो.

झीज जास्त निघाली आणि हा सौदा मोडला, तर जुकी एलयू-५६३ कुठे मिळतं का बघा. तीही वॉकिंग फूट, बॉबिन मोठी आणि रिव्हर्स आहे. भाव चढा असतो, पण बॅगांच्या कामाला मला तीच जास्त आवडते.

राहिली मोटर. जुन्या टेबलाखाली बहुतेक क्लच मोटर असेल, म्हणजे सतत फिरणारी आणि पायडल दाबल्यावर मशीनला जोडली जाणारी. तिच्या प्लेटवर १४४० आरपीएम लिहिलंय की २८०० च्या पुढे, ते वाचा. १४४० ची असली आणि तिची पुली मशीनच्या चाकाच्या निम्मी असली, तरी मिनिटाला ७२० टाके पडतात, म्हणजे सेकंदाला १२. टाका ४ मिमीचा धरला तर मीटरभर बेल्ट वीस-एकवीस सेकंदांत संपतो, आणि नव्या हाताला तो वेग झेपत नाही. पैसे राखून ठेवणार असाल तर सर्वो मोटरसाठी ठेवा. वेग हवा तेवढा बांधता येतो आणि पायडल दाबल्यावरच ती फिरते, त्यामुळे वीजही वाचते. सध्या क्लचवरच भागवायचं असेल तर १:३ चा रिड्यूसर (वेग कमी करणाऱ्या पुल्या) बसवून घ्या, सेकंदाला चार टाके आरामात सांभाळता येतात. आणि क्लच मोटरचं बटण बंद केल्यावरही आतलं चाक बराच वेळ फिरत राहतं. त्या वेळात चुकून पायडल दाबला गेला तर सुई चालते. म्हणून सुई बदलताना किंवा हुकात बोट घालताना बटण बंद करा, प्लग काढा, मग पायडल एकदा दाबून सगळं थांबू द्या आणि त्यानंतरच हात घाला.