‘आदरांजली’ कुणाला, ‘नक्कल’ कुणाची?

प्रश्न असा आला आहे: मार्शल आर्ट्सच्या सिनेमांवर लिहिताना ‘होमाज’ला, म्हणजे एका सिनेमाने जुन्या सिनेमाला किंवा कलाकाराला उघडपणे दिलेल्या मानाला, ‘आदरांजली’ म्हणावे का? ती तर गेलेल्या माणसाला वाहतात. आणि ‘अनुकरण’, ‘नक्कल’, ‘उचलेगिरी’ हे शब्द एकमेकांच्या जागी चालतात का?

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. चालत नाहीत, आणि का चालत नाहीत ते शब्दकोशापेक्षा विभक्ती चांगले सांगते. आदरांजली कुणाला तरी वाहतात, नक्कल कुणाची तरी करतात आणि उचलतात ते कशातून तरी. एकात देणे आहे, दुसऱ्यात करणे, तिसऱ्यात घेणे. यात षष्ठीची एक गंमत आहे. ‘ब्रूस लीची नक्कल’ म्हटले की ब्रूस ली हा नमुना ठरतो. पण ‘टॅरंटिनोची आदरांजली’ म्हटले की दिग्दर्शक टॅरंटिनो हा वाहणारा. त्यामुळे ‘हा प्रसंग म्हणजे ब्रूस लीची आदरांजली आहे’ असे कुणी लिहिले, तर बिचारा ब्रूस लीच कुणापुढे तरी हात जोडून उभा राहतो. तिथे ‘ब्रूस लीला’ हवे.

आता ‘आदरांजली’. अंजली म्हणजे ओंजळ. ‘ओंजळ’ हा शब्दही त्याच ‘अंजलि’पासून आला. मूळ अर्थात मरणाचा काही संबंध नाही. पण वर्तमानपत्रांनी ‘श्रद्धांजली’ निधनवार्तेला बांधून टाकली आणि तिच्या शेजारी बसून ‘आदरांजली’लाही तोच वास लागला. श्रद्धांजली तर हयात माणसासाठी वापरूच नये. टॅरंटिनोच्या ‘किल बिल’च्या दोन्ही भागांत (२००३ आणि २००४) हाँगकाँगच्या शॉ ब्रदर्स या चित्रसंस्थेच्या जुन्या कुंगफूपटांची याद जागोजागी आहे, आणि त्या पटांचा नायक गॉर्डन लिऊ या सिनेमात स्वतः दोन भूमिका करतो. ‘लिऊला श्रद्धांजली’ लिहिले तर पडद्यावर काठी फिरवणाऱ्या माणसाला हार घातल्यासारखे होईल. अशा वेळी मी ‘मानवंदना’ घेतो. ती जिवंतालाही चालते, गेलेल्यालाही चालते, आणि तिच्यात कवायतीची शिस्त आहे, जी या विषयाला शोभते. कुंगफूतले अभिवादन उजवी मूठ डाव्या तळव्याला टेकवून करतात. मूठही आहे आणि मानही आहे. ओंजळीपेक्षा वंदनेच्या जवळचे. ‘मानाचा मुजरा’ मात्र मथळ्यांनी इतका झिजवला आहे की एका फ्रेमपुरत्या उल्लेखासाठी तो फार मोठ्याने वाजतो.

अनुकरण आणि नक्कल यांतला फरक बारीक आहे, पण मारामारीच्या सिनेमात तो डोळ्यांना दिसतो. अनुकरण पद्धतीचे होते, नक्कल लकबींची. ब्रूस लीच्या लकबी कोणीही मोजून दाखवील: अंगठ्याने नाक पुसणे, चिरका आवाज, जखमेचे रक्त बोटाला लावून चाखणे. त्याची पद्धत वेगळी होती. त्याने आपल्या कलेला दिलेल्या ‘जीत कुन डो’ या नावाचा अर्थच ‘वार वाटेत अडवण्याची रीत’ असा आहे. समोरच्याचा हात पूर्ण सुटण्याआधी आपला पोचला पाहिजे. त्यासाठी आधी स्तब्ध उभे राहावे लागते, मग एकच हालचाल. नकलाकारांनी आवाज घेतला आणि ती स्तब्धता सोडली. म्हणून त्यांच्या मारामाऱ्यांत आरडाओरडा भरपूर असतो आणि ठोसा कधी लागला ते कळत नाही. ‘अनुकरण’ ही शिवी नव्हे, हेही इथेच सांगायला हवे. कराटेतला ‘काता’, म्हणजे ठरावीक हालचालींची बांधलेली मालिका, गुरूकडे पाहून तशीच्या तशी गिरवूनच शिकतात. अनुकरणाला दोष द्यायचा असेल तर आपण त्याला ‘अंध’ जोडतो. नकलेला असे काही जोडावे लागत नाही.

१९७३ साली ब्रूस ली वारल्यावर जे झाले त्याला मात्र ‘नक्कल’ही अपुरी पडते. हो चुंग-ताओ या नटाला ‘ब्रूस ली’शी मिळतेजुळते नाव देऊन उभे केले गेले, आणि तशाच नावांचे आणखीही आले. मराठीत याला तयार शब्द आहे: तोतया. पानिपतानंतर सदाशिवरावभाऊंच्या नावाने जो उभा राहिला तो भाऊंची नक्कल करत नव्हता, ‘मीच भाऊ’ म्हणत होता. नकलाकाराला आपण नक्कल करतो आहोत हे लपवायचे नसते. तोतयाचा सगळा धंदा लपवण्यावर. गंमत अशी की १९७८ साली प्रदर्शित झालेल्या ‘गेम ऑफ डेथ’मध्येही बराचसा वेळ तोतयेच वावरतात. लीने १९७२ मध्ये चित्रित केलेल्या मारामारीतली जेमतेम अकरा मिनिटे त्यात आहेत. एका ठिकाणी तर आरशावर त्याच्या चेहऱ्याचे कापलेले चित्र चिकटवून काम भागवले आहे.

त्याच सिनेमातला काळ्या पट्ट्यांचा पिवळा पोशाख ‘किल बिल’च्या पहिल्या भागात उमा थर्मनच्या अंगावर येतो. हा प्रसंग ‘मानवंदना’ का ठरतो, ते जवळून पाहा. लीच्या हातात नानचाकू, म्हणजे साखळीने जोडलेल्या दोन आखूड काठ्या, होते आणि तो मजल्यामजल्यावर एकेकाशी लढत होता. इथे बाईच्या हातात जपानी तलवार आहे आणि समोर टोळी. टोळीतल्यांच्या चेहऱ्यावरचे मुखवटे ‘केटो’चे आहेत, म्हणजे १९६६-६७ च्या ‘द ग्रीन हॉर्नेट’ मालिकेत लीनेच केलेल्या भूमिकेचे. पोशाख एकीकडे, मुखवटे दुसरीकडे: लीच्या खुणा लीच्याच खुणांवर चालून जातात. ओळख पटावी म्हणूनच हे केले आहे. ओळख पटली नाही तर मानवंदना वाया जाते. ओळख पटली तर उचलेगिरी पकडली जाते. लिहिताना हीच कसोटी लावावी.

जॅकी चॅनकडे दोन्ही बाजूंची उदाहरणे आहेत. १९७६ च्या ‘न्यू फिस्ट ऑफ फ्युरी’त दिग्दर्शक लो वेईने त्याला दुसरा ब्रूस ली करायला घेतले, ते जमले नाही. १९७८ मध्ये त्याने विनोदाची वाट धरली आणि चालला. पुढे १९८३ च्या ‘प्रोजेक्ट ए’मध्ये तो मनोऱ्यावरच्या घड्याळाच्या काट्याला लोंबकळतो. हे मूकपटांतला विनोदी नट हॅरॉल्ड लॉइड याच्या १९२३ च्या ‘सेफ्टी लास्ट’मधले आहे, पण लॉइड तिथे लटकून राहतो आणि चॅन सुटतो, खालची कापडी छते फाडत जमिनीवर आपटतो. इथे ‘हॅरॉल्ड लॉइडला मानवंदना’ लिहावे. ‘सेफ्टी लास्टवर बेतलेला’ नको. ‘बेतणे’ हा शिंप्याचा शब्द आहे, मापे तीच राहतात. ब्रूस लीच्या १९७२ च्या ‘फिस्ट ऑफ फ्युरी’वर बेतलेला म्हणावा तो १९९४ चा ‘फिस्ट ऑफ लेजंड’.

राहिली उचलेगिरी. १९८५ च्या ‘पोलिस स्टोरी’त चॅन रस्त्याच्या मधोमध पिस्तूल रोखून उभा राहतो, दुमजली बस करकचून थांबते आणि वरच्या मजल्यावरचे गुंड काच फोडून खाली येतात. १९८९ च्या ‘टँगो अँड कॅश’च्या सुरुवातीला बसच्या जागी टँकर आहे, रोखलेले पिस्तूल, ब्रेक, काच फोडून बाहेर पडणारी माणसे, सगळे तसेच. तरीही इथे मी क्रियापद ‘उचलणे’ आणि विभक्ती पंचमी एवढ्यावरच थांबेन: ‘हा प्रसंग पोलिस स्टोरीतून उचलला आहे’. ‘उचलेगिरी’ हे नाम ‘उचल्या’वरून आले आहे आणि ते प्रसंगाला नव्हे, माणसाच्या सवयीला चिकटते, एका प्रसंगावरून कुणाला उचल्या ठरवू नये. ‘प्रेरित’ हा शब्द मात्र अशा जागी टाळाच, कारण तो उचलणाऱ्यालाही आवडतो आणि मानवंदना देणाऱ्यालाही.