पोट दुखत नव्हतंच

“मॅडम, पोरगी महिन्यातले चार दिवस शाळेतच जात नाही. पोट दुखतं म्हणते. एखादी गोळी सांगा ना.” पालकसभा संपली की कुणीतरी आई मला बाजूला घेऊन हे विचारतेच.

आठवीतली एक मुलगी अशीच आली. (ओळख पटेल असे तपशील बदललेत.) पहिल्या दोन भेटी तिनं ओढणीचं टोक पिळण्यात घालवल्या आणि मी तक्ता लावून गर्भाशय समजावण्यात. आता हसू येतं. ते सगळं तिला पाठ होतं.

तिसऱ्या भेटीत तक्ता गुंडाळला. “पाळीच्या दिवशी सकाळपासून काय काय करतेस, तेवढंच सांग.”

“सातच्या एसटीनं येते. पाणी पीत नाही.”

“का गं?”

“लघवीला जावं लागतं. संडासाला कडी नाही.”

“मग पॅड कधी बदलतेस?”

“घरी गेल्यावर. साडेपाचला.” मग खाली बघत म्हणाली, “सहावीत असताना शाळेमागं टाकला होता, कागदात गुंडाळून. कुत्र्यानं मैदानात ओढत आणला. सगळी पोरं हसली.”

“तुला हसली?”

बराच वेळ गप्प. “नाही... कुणाचा ते कुणाला माहीतच नव्हतं.”

बोलता बोलता ती स्वतःच थबकली. दोन वर्षं ती वर्गात मान खाली घालून बसत होती, सगळ्यांना ठाऊक आहे असं धरून! झालेल्या गोष्टीपेक्षा आपण तिचा लावलेला अर्थ माणसाला जास्त छळतो, असं मी मानते. ती गाठ तिची तिनं सोडवली. मी फक्त दिवसाचा क्रम विचारला होता. मात्र कडी नसणं हा काही विचारातला दोष नव्हे. मुख्याध्यापक सर विषय टाळत होते. मी ‘पाळी’ हा शब्द तीनदा मोठ्यानं म्हटला, तेव्हा कडीही बसली आणि झाकणाची बादलीही आली.

गोळीचं विचारणाऱ्या आयांना मी आधी हेच सांगते: शाळेतला संडास एकदा स्वतः जाऊन बघा. पॅड असो वा कापड, चार ते सहा तासांनी बदलायला हवं. पहिली दोन-तीन वर्षं पाळी पुढं-मागं होते. २१ ते ४५ दिवसांचं अंतर असलं तरी घाबरू नका. पण पोरगी दुखण्यानं खरंच आडवी होत असेल, रक्तस्राव ७ दिवसांपेक्षा लांबत असेल किंवा तासा-दोन तासांत पॅड भिजत असेल, तर डॉक्टरांकडे न्यायलाच हवं. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीनांसाठी मैत्री क्लिनिक असतं, आशाताईंना विचारा. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची निळी गोळी मुली दप्तरात लपवतात, तिच्यावरही लक्ष ठेवा.

या मुलीच्या आईला म्हटलं, कापड साबणानं धुऊन कडक उन्हात वाळवा.

“अंगणात? दोरीवर?” त्या दचकल्या. “सासरे बसलेले असतात. वरून साडी टाकते मी.”

पुढची भेट या आईचीच ठेवली आहे.