तळव्यांत घोळवून सोडायची उडती भिंगरी कशी आखावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: काडीच्या टोकावर पाती बसवलेली, दोन तळव्यांत घोळवून हवेत सोडायची भिंगरी तुम्ही थ्रीडी प्रिंटरवर करत आहात. ती जेमतेम डोक्याइतकी चढते आणि डगमगून कोसळते. पाती किती कोनात ठेवावीत, दोन असावीत की तीन, काडी किती जाड घ्यावी, हे तुम्ही विचारलं आहे.

मी सुरुवात पात्यांपासून करणार नाही. या खेळण्याला इंजिन नाही. सोडण्याआधीच्या सेकंदाच्या पाव भागात हातांनी जी ऊर्जा भरली तेवढ्यावरच सगळं उड्डाण व्हायचं असतं. म्हणून आधी हात किती ऊर्जा देऊ शकतो ते पाहायचं आणि त्याला साजेशी पाती करायची. बहुतेक जण उलट करतात. सुंदर पाती काढतात, मग ती हाताला झेपत नाहीत.

एक तळवा दुसऱ्यावरून साधारण 15 सेंटीमीटर सरकतो असं धरा. काडी 5 मिलीमीटर जाड असेल तर तेवढ्या अंतरात तिचे पाच फेरेही पूर्ण होत नाहीत. (काडी दोन्ही तळव्यांच्या मधून घोळत जाते, त्यामुळे वाटतात त्याच्या निम्मेच फेरे मिळतात.) तळव्यांनी घासत लावलेला जोर 3 न्यूटन असेल, तर भरलेली ऊर्जा 3 गुणिले 0.15, म्हणजे 0.45 ज्यूल. आता खर्च बघा. 8 ग्रॅमची भिंगरी 3 मीटर वर न्यायला, हवेचं काहीही नुकसान न धरता, 0.24 ज्यूल लागतात. हवा ढवळण्यात जाणारा वाटा वेगळाच. हिशेब इतका काठावरचा आहे, म्हणून दोन ग्रॅम जादा वजनही उंचीत लगेच जाणवतं.

या हिशेबात काडीची जाडी कुठेच आली नाही, हे लक्षात घ्या. ऊर्जा ठरते ती जोर आणि तळव्यांनी कापलेलं अंतर यांवरून. जाडीचं काम सायकलच्या गिअरसारखं आहे. बारीक काडी तेवढ्याच सरकण्यात जास्त फेरे देते, पण जड पाती फिरवणारा जोर अपुरा पडतो आणि काडी तळव्यांत घसरते. जाड काडीला फिरवणारा जोर भरपूर मिळतो, पण हात संपतो तरी वेग येत नाही. म्हणून स्वतःला विचारायचा प्रश्न असा: घोळवताना काडी जड लागते, की हात रिकामाच सुटल्यासारखा वाटतो? जड लागत असेल तर काडी जाड करा किंवा पाती हलकी करा. हात रिकामा सुटत असेल, तर तुमची भिंगरी हात देऊ शकतो तेवढी ऊर्जा घेतच नाही. 4 ते 6 मिलीमीटरच्या दरम्यान तुमचं उत्तर सापडेल.

हात रिकामा सुटत असेल तर उपाय म्हणजे पात्यांच्या टोकांना थोडं वजन. जडत्व, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला होणारा विरोध, अक्षापासूनच्या अंतराच्या वर्गाने वाढतं. टोकापासून टोकापर्यंत 18 सेंटीमीटर लांबीची, 5 ग्रॅमची पातीजोडी घ्या. तिच्या टोकांना जोडणारं 2 ग्रॅमचं पातळ कडं घातलं, तर ते एकटंच अख्ख्या पातीजोडीपेक्षा जास्त जडत्व देतं. वजन थोडंसं वाढतं आणि फिरण्याची साठवण दुपटीहून जास्त होते. तोटाही आहे. हात आधीच पूर्ण जोर लावत असेल, तर ऊर्जा तेवढीच राहते आणि फेऱ्यांचा वेग जवळपास दोन तृतीयांशावर येतो. उचल वेगाच्या वर्गाप्रमाणे बदलत असल्याने ती निम्म्याहून खाली जाते. अशा वेळी कडं काढून टाकलेलंच बरं.

आता पाती. सेकंदाला 30 ते 40 फेरे धरले, तर पात्याच्या बाहेरच्या भागाचा वेग 15 मीटर प्रतिसेकंदाच्या आसपास असतो आणि रुंदी असते जेमतेम 2 सेंटीमीटर. एवढ्या लहान मापावर विमानाच्या पंखासारखा जाड, गोलसर छेद उपयोगाचा नसतो. पातळ पत्र्याला किंचित बाक दिलेलं पातं इथे सरस ठरतं. जाडी 1 मिलीमीटर, मुळाशी दीड-दोन, आणि बाक रुंदीच्या साधारण वीसाव्या भागाइतका, म्हणजे 2 सेंटीमीटरला 1 मिलीमीटर. कोन अक्षापासून तीन-चतुर्थांश अंतरावर मोजा आणि तिथे 15 अंशांपासून सुरुवात करा. मुळाकडे तो 25-30 पर्यंत वाढू द्या, टोकाकडे 10-12 वर उतरवा. पात्याला हा पीळ हवाच, कारण मुळाशी पातं संथ आणि टोकाला वेगवान फिरतं. सपाट पातं मुळाशी निरुपयोगी ठरतं किंवा टोकाला हवा फाडत बसतं.

कोन जास्त ठेवला की पहिली झेप जोरदार दिसते, पण पाती हवेत अडकून वेग पटकन गमावतात. कोन कमी ठेवला की फेरे टिकतात, पण चढण मंद होते. 15 अंशांना भिंगरी एका फेऱ्यात फार तर 11 सेंटीमीटर पुढे सरकू शकते, म्हणजे सेकंदाला 32 फेरे असतील तर चढण्याच्या वेगाची मर्यादा सेकंदाला साडेतीन मीटर. प्रत्यक्षात त्याहून बरंच कमी मिळतं.

प्रिंटरसाठी एक युक्ती: पाती सपाट प्रिंट करा आणि पीळ नंतर द्या. पीएलए (प्रिंटरमध्ये नेहमी वापरलं जाणारं प्लास्टिक) साठ अंशांच्या आसपास मऊ होतं. गरम पाण्यात धरून, चिमट्याने वळवून, गार होईपर्यंत तसंच धरा. एकाच साच्यातून पाच वेगवेगळे कोन तपासता येतात. काडी मात्र प्रिंट करू नका. उभी छापलेली काडी थरांच्या रेषेवर मोडते. बांबूची सरळ काडी घ्या आणि गोंदाने बसवा.

डगमगण्याबद्दल. काडी खाली लोंबते म्हणून ती भिंगरीला लंबकासारखी सावरते, हा समज फार पसरलेला आहे आणि तो चुकीचा आहे. भिंगरी कलली की उचलही तिच्याबरोबरच कलते आणि गुरुत्वमध्यातूनच जाते, त्यामुळे सरळ करणारा जोर निर्माणच होत नाही. काडी लांब किंवा जड केल्याने स्थैर्य वाढणार नाही. तिला सावरतं ते मुख्यतः फिरणं. म्हणून डगमग दिसली की आधी पाती तपासा: काडी दोन गुळगुळीत कडांवर आडवी ठेवली की जड पातं खाली येतं, ते घासून हलकं करा. मग दोन्ही पात्यांचे कोन जुळतात का ते पाहा, कारण दोन अंशांचा फरकही हादरे देतो. मग काडी बसवायचं भोक पातीच्या पृष्ठाला काटकोनात आहे का ते पाहा. आणि शेवटी सोडण्याची पद्धत: हात आडवा झटकला जात असेल तर एका बाजूच्या पात्याला वारा जास्त लागतो, तिथे उचल वाढते, आणि फिरणाऱ्या वस्तूत त्याचा परिणाम पाव फेरा पुढे दिसतो. त्यामुळे भिंगरी ढकलली त्या बाजूला न कलता भलतीकडेच कलते.

दोन की तीन पाती? दोन पात्यांची भिंगरी हलकी आणि करायला सोपी. तीन पात्यांच्या भिंगरीचं जडत्व आडव्या सगळ्या दिशांना सारखं असल्याने ती हवेत जास्त गुळगुळीत वाटते. मी तुमच्या जागी आधी दोन पात्यांवर सगळे कोन पक्के करेन, तिसरं नंतर.

फेरे मोजायला फोनचं संथ चित्रीकरण पुरतं. एका पात्याचं टोक रंगवा. सेकंदाला 240 चौकटी घेणाऱ्या कॅमेऱ्यात 30 फेऱ्यांना प्रत्येकी आठ चौकटी मिळतात.

हाताची मर्यादा खरोखर तोडायची असेल तर दोरी वापरा. काडीभोवती 60 सेंटीमीटर दोरी गुंडाळून ओढली तर त्याच 5 मिलीमीटरच्या काडीला पाचऐवजी अडतीस फेरे मिळतात, आणि जोर चौपट अंतरावर लावता येतो. उड्डाणशास्त्राचे आद्य इंग्रज संशोधक जॉर्ज केली यांनी 1796 मध्ये बुचांत पिसं खोचून अशी भिंगरी केली होती, ती धनुष्याच्या ताणावर फिरे. पुढे त्यांनी धातूच्या पात्यांची, दोरीने ओढायची भिंगरी केली, ती 90 फुटांपर्यंत गेल्याची नोंद आहे. राइट बंधूंना 1878 मध्ये वडिलांनी आणून दिलेलं उडतं खेळणं रबराच्या पिळावर चालत होतं. तीच ऊर्जेची अडचण, तिसऱ्या वाटेने सोडवलेली.

दोन गोष्टी आखतानाच ठरवून टाका. उजवा तळवा पुढे ढकलला की भिंगरी वरून पाहता घड्याळाच्या उलट फिरते, म्हणून पाती त्या दिशेची करा. डावखुऱ्यांसाठी आरशातली प्रत लागते, नाहीतर भिंगरी वर जायच्या ऐवजी हातातच खाली खुपसते. आणि टोकं: 9 सेंटीमीटर त्रिज्येला, 32 फेऱ्यांना, टोकाचा वेग ताशी 65 किलोमीटर होतो. लहान मुलांच्या हाती देणार असाल तर उंची गेली तरी चालेल, कडं ठेवाच, पाती लवचीक घ्या, आणि सोडताना तोंड बाजूला व हात चेहऱ्यापासून लांब ठेवायला शिकवा.